पाच सप्तकं माझ्या पेटीत मावत नाहीत

माझ्या पेटीला ४२ सूर आहेत, म्हणजे साडेतीन सप्तकं. भोपाळच्या सोनागिरी-पिपलानी भागातल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमांना ती घेऊन मी साथीला बसतो. हल्ली मध्यंतरात चहा आला की कुणीतरी मोबाइल पुढे करतं, "काका, मारिया कॅरी पाच सप्तकं गाते म्हणे. आपल्या लताबाई किती?" पाच सप्तकं माझ्या पेटीतच मावत नाहीत, हे माझं उत्तर लोकांना विनोद वाटतं. मी ते गंभीरपणे देतो.

आधी घरचा गैरसमज बघू. 'तिन्ही सप्तकांत लीलया फिरणारा आवाज' हे आपल्या निवेदकांचं आवडतं वाक्य. गवई मंद्र पंचमापर्यंत उतरला आणि तार पंचमापर्यंत चढला, की तिन्ही सप्तकांना त्याचा हात लागला हे खरं. पण मोजायला बसा. मंद्र पंचम ते मध्य पंचम एक, तिथून तार पंचम दोन. भरली ती दोनच! ख्यालाची अख्खी मैफल एवढ्यात रंगते आणि रसिक तृप्त होऊन घरी जातात.

दुसरी गफलत पट्टीची. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा तार पंचम आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईचा तार षड्ज, हा पेटीवर एकच सूर आहे. सेकंदाला साधारण ४१५ कंपनं. त्याच्यासाठी तो कळस, तिला अजून वर जायचं असतं. तरी 'तो पंचमाला पोचला, ती षड्जावरच राहिली' अशी तुलना मी या कानांनी ऐकली आहे. आणि बाईने काळी चारच घ्यावी असा तरी नियम कुठे आहे? घशाच्या शस्त्रक्रियेनंतर गंगूबाई हंगल यांचा आवाज खाली उतरला, पुरुषी झाला. त्याच आवाजाने त्यांनी किराणा घराण्याचं गाणं आयुष्यभर गाजवलं. गायकांचा पल्ला मोजणाऱ्या तुमच्या तक्त्यात त्यांना कुठल्या रकान्यात बसवणार?

तक्त्यांचं म्हणाल, तर २०१४ साली इंटरनेटवर असा एक फार गाजला. त्यात रॉक गायक ॲक्सल रोझ पहिला आणि मारिया कॅरी त्याच्या मागे. लगेच कुणीतरी माइक पॅटन या दुसऱ्या रॉक गायकाला आणून दोघांच्या वर बसवलं. मोजलं काय होतं? रेकॉर्डिंगमध्ये कधीतरी निघालेली घरघर हे खालचं टोक, शिट्टीसारखी किंकाळी हे वरचं. मधल्या किती सुरांवर तो माणूस शब्द ठेवून, दम राखून थांबू शकतो, याचा तक्त्यात पत्ता नाही. या हिशेबाने सकाळी चूळ भरणारे आमचे शेजारीही चार सप्तकांचे निघतील.

जुन्या तबकड्यांवरून पट्टी ठरवणाऱ्यांची तर कमालच. ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनीच भरलेल्या असत असं नाही. वेगात सहा टक्क्यांचा फरक पडला, की काळी एकची पांढरी दोन होते. अब्दुल करीम खाँसाहेब किती वर जात हे ठासून सांगणाऱ्याने आधी आपल्या तबकडीचा वेग सांगावा.

पल्ल्यावरून गाणं ठरत नाही, याची दोन उदाहरणं आमच्या मुलखातलीच आहेत. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन देवासला आले. देवास आमच्यापासून तीन-एक तासांवर. एक फुप्फुस कायमचं अधू झालं. मग जेवढा दम उरला, त्यात बसतील अशा छोट्या, धारदार, झपकन तार सप्तकात शिरणाऱ्या सुरावटींनी त्यांनी आपलं गाणं घडवलं. इथे भोपाळच्या ध्रुपद केंद्रात झिया फरीदुद्दीन डागर यांनी शिष्य तयार केले. डागर घराण्याचा आलाप बराच वेळ मंद्रातच मुक्काम करतो, वर जायची घाई नाही. या दोघांत कोणाचा पल्ला मोठा, हे विचारायचं तरी कशाला?

नुसत्या गप्पांची गोष्ट असती तर मी लिहिलं नसतं. पण गणपतीतल्या गाण्याच्या स्पर्धेत बारा-तेरा वर्षांची मुलगी उभी राहते, वडील मला बजावतात, "ओरिजिनल स्केल हां, लताजींचंच." अंतऱ्याला मुलीच्या मानेच्या शिरा ताठ होतात, हनुवटी वर जाते आणि सूर अर्ध्या वाटेत फाटतो. सरावात एकदा वडील फोनवर बोलायला बाहेर गेले, तेव्हा तिनेच हळूच म्हटलं, "काका, दोन सूर खाली घ्या ना." घेतले. मुखड्यातला खालचा भाग एकदम भरदार लागला आणि अंतरा तिने हसत म्हटला. वडील परत आले, त्यांना फरक कळलाही नाही. ते म्हणाले, "आज छान चढली."

आमच्या स्पर्धेच्या गुणपत्रिकेवर सूर, ताल, शब्दोच्चार यांच्याखाली 'रेंज' असा दहा गुणांचा रकाना आहे. तो काढा आणि ते दहा गुण सुरात घाला, असं मी आयोजकांना सांगितलं आहे. पट्टी ज्याची त्याने सांगावी. कराओके ट्रॅक मूळ पट्टीतलाच हवा हा हट्टही सोडावा, तो मोबाइलवरसुद्धा खाली उतरवता येतो. नसेल जमत, तर पेटी घेऊन मी बसलेलोच असतो.