राखण त्यांची, शेळी आमची

मंडळी, आज पिकाचं नाही, शेजारच्या वस्तीवरच्या पाच कुत्र्यांचं लिहितोय. राखणीला पाळलीत म्हणे! चार महिन्यांची गाभण शेळी मागच्या आठवड्यात भरदिवसा माझ्या रानात मारली, मांड्यांपासून फाडली. बिबट्याने नरडं धरलं असतं. अन् खरं सांगू, बिबट्या असता तर परवडलं असतं. वनखात्याचा पंचनामा होऊन भरपाई तरी मिळते. पाळीव कुत्र्याने मारलं तर ती नाही.

शेजारी म्हणतो, "मुकं जनावर, त्याला काय कळतं?" मग माझी शेळी तुमच्या हरभऱ्यात तोंड घालते तेव्हा ती काय बोलकी असते? तेव्हा बरा कोंडवाडा आठवतो! गुरांच्या अतिक्रमणाचा १८७१ चा कायदा बघा. म्हैस, गाढव, डुक्कर, शेळी, अगदी हत्ती-उंटसुद्धा त्यात आहेत. कुत्रं नाही.

"आमची नाहीत, गावाची आहेत," हे दुसरं पालुपद. अहो, रोज भाकरी कोण टाकतं? टाकतो तो मालक. २०२३ च्या नियमांत पाळीव कुत्र्याची लस, जंताचं औषध, नसबंदी मालकावरच आहे. लसीचं विचारलं तर हसले. पिसाळलेलं कुत्रं उद्या म्हशीला चावलं तर म्हैस हातची जाणार, तिच्या तोंडात हात घालणाऱ्यालाही सुया घ्याव्या लागणार.

विष घाल म्हणणारे भेटले. नाही घालणार. तो गुन्हा आहे, अन् दोष कुत्र्याचा नाहीच. दिवसा साखळीला बांधा, रात्री स्वतःच्या कुंपणात सोडा. शेळीचे पैसेही मागितलेत. अजून उत्तर नाही.