खेळाचा तास कोणी खाल्ला?

शेतकरी व कारागीर बंधूंनो, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेस मैदान सांगितले. परंतु चित्रकला, शारीरिक शिक्षण व कार्यानुभव यांचे अंशकालीन निदेशक फक्त सहावी ते आठवीस, तेही पट शंभरावर असेल तरच! मग वाडीवरच्या चौथीपर्यंतच्या शाळेने काय करावे? दोन मास्तर, चार वर्ग. खेळाचा तास तक्ते भरण्यात जातो. जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे प्राथमिक शाळेत शेतीचे व आरोग्याचे ज्ञान मागितले होते. धनिकांची मुले फी भरून पोहणे, तबला शिकतात; आमची मुले काय अंगाने दुबळी आहेत? १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव गोळेश्वरसारख्या खेड्यातलेच ना? येत्या ग्रामसभेत विचारा, गावच्या सुतारास व वस्तादास मानधन देऊन शाळेत का बोलावीत नाही?