मर्यादा कोणी घातली?

‘मर्यादेतूनच कला जन्मते’ हे वाक्य आपण वर्गात इतक्या वेळा ऐकतो, की ते एकदा यंत्रावरही घासून पाहावे असे मला वाटते. कलाशाखेच्या विद्यार्थ्याचा हा आगाऊपणा कुणी म्हटला तरी चालेल.

अमेरिकेत १९७७ साली ‘अटारी २६००’ हे घरगुती व्हिडिओ-खेळाचे यंत्र बाजारात आले. त्याची स्मृती अवघी १२८ बाइट. पडद्यावरचे सबंध चित्र साठवायला जागाच नव्हती. म्हणून टी.व्ही.चा किरण एकेक ओळ आखत असतानाच, त्या ओळीत काय दिसावे हे प्रोग्रॅमने सांगायचे. एका ओळीला प्रोसेसरचे फक्त ७६ ठोके मिळत. हलत्या वस्तू पाचच : दोन खेळाडू, दोन क्षेपणास्त्रे, एक चेंडू.

अशा यंत्रावर १९८० साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ची ३६ शत्रूंची फौज उभी राहिली! ती कशी? एका खेळाडूच्या एकाच ओळीत तीन प्रती काढण्याची सोय यंत्रात होती. दोन खेळाडूंच्या सहा प्रती झाल्या. आणि किरण खाली उतरेल तसे तेच दोघे पुन्हा कामाला जुंपले. भुजंगप्रयाताच्या चरणात बाराच अक्षरे असतात म्हणून कवी रडत बसत नाही, तसेच हे. इथवर वर्गातले वाक्य खरे ठरते.

परंतु त्याच कारखान्यात दुसरीही एक मर्यादा होती. खेळ रचणाऱ्याचे नाव कंपनी कुठेच छापत नसे. वॉरेन रॉबिनेट याने ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळात एक गुप्त दालन ठेवून त्यात आपले नाव लिहिले. तिथे पोहोचण्याची किल्ली म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक ठिपका. चार प्रोग्रॅमर तर १९७९ साली बाहेर पडले आणि ‘अ‍ॅक्टिव्हिजन’च्या संस्थापकांत सामील झाले, तिथे रचनाकाराचे नाव अभिमानाने छापले जाऊ लागले.

या दोन मर्यादांची गल्लत होऊ नये, एवढेच माझे म्हणणे. ७६ ठोक्यांची अडचण माध्यमाची होती. तिच्याशी झगडणे हाच कलावंताचा धर्म. नाव नाकारणे हा मात्र माणसाचा निर्णय होता आणि तो बदलता येत होता. गुप्त दालनाचे आपण कौतुक जरूर करावे. पण ते ज्या अन्यायामुळे बांधावे लागले, त्या अन्यायाला कलेची जननी म्हणू नये. अपुरे मानधन आणि पुसलेले नाव सोसणाऱ्याला जो ‘मर्यादेतूनच कला’ ऐकवतो, त्याला आपण निदान एवढे तरी विचारू या : ही मर्यादा कोणी घातली?