सहा खडे आणि चार हजेऱ्या



मे महिन्यात बारावीचा निकाल लागला आणि आमच्या घरात चूल पेटली तरी कुणी जेवले नाही. माझी मुलगी गणितात नापास झाली होती. बाकी सगळे विषय निघाले, एकटे गणित राहिले. ती रडली नाही. भिंतीकडे तोंड करून झोपली आणि जुलैची पुरवणी परीक्षाही द्यायला तयार होईना. तिचे वडील राहाता-शिर्डी रिक्षा चालवतात. रात्री येऊन म्हणाले, "नको म्हणते तर राहू दे. एखादे स्थळ बघू."

मी काय केले? आपण सगळ्याच आया करतो तेच केले. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे हे सांगितले. सावित्रीबाईंनी शेण अंगावर झेलले हे सांगितले. रमाईने गोवऱ्या थापल्या हेही सांगितले. रोज शिवणयंत्रावर बसून ब्लाऊजला काजे करता करता मी भाषण द्यायची आणि ती ऐकून घ्यायची. एके दिवशी एवढेच म्हणाली, "आई, ते बाबासाहेब होते. मी आहे का?"

मला राग आला. उत्तर मात्र सुचले नाही. थोरांची चरित्रे आपण मुलांना प्रेमाने सांगतो असे आपल्याला वाटते, पण नापास झालेल्या पोरीच्या कानावर ती छडीसारखी पडत असावीत. हे मला तेव्हा कळले नाही, फार उशिरा कळले.

दिवाळीनंतर आमच्याकडे पेरूचा हंगाम जोरात असतो. राहात्याचा पेरू तुम्ही कुठे ना कुठे खाल्ला असेलच. आमच्या शेजारच्या आजी पंच्याहत्तरीच्या घरात आहेत, तरी हंगामात पेरू निवडायला जातात. मोठा वेगळा, मध्यम वेगळा, पोपटाने टोचलेला बाजूला, मग क्रेटमध्ये खाली जुने वर्तमानपत्र अंथरून थर लावायचे. बसून करायचे काम आहे, मजुरी रोजावर. घरात कुढत बसण्यापेक्षा बरे, म्हणून मुलगी त्यांच्याबरोबर जाऊ लागली. मीही मधले आठ दिवस गेले, कारण लग्नसराईचे शिवण अजून सुरू व्हायचे होते.

आजी मूळच्या पाथर्डीकडच्या. त्या भागाला पाणी नाही आणि आपल्याकडे कालवे, म्हणून दक्षिणेकडची कितीतरी कुटुंबे इकडे उत्तरेला आली, त्यातलेच हे एक. आठ दिवस आम्ही एकाच ढिगाशी बसलो होतो. आजींनी सल्ला असा एकही दिला नाही. मुलीने वर्तमानपत्राच्या कागदावर क्रेटचा हिशेब मांडला तेव्हा त्या वाकून बघत म्हणाल्या, "नऊ चांगला काढतीस ग. माझा नऊ लई दिस उलटा व्हता."

मुलगी म्हणाली, "म्हणजे?"

मग ती गोष्ट निघाली. १९७२ चा दुष्काळ. आजी तेव्हा विशीतल्या, कडेवर पोर. गावात दाणा नव्हता. रेशनवर लाल मिलो मिळायची, तिची भाकरी थापली की फुटायची. सरकारने दुष्काळी कामे काढली. रोजगार हमीचा कायदा नंतरचा, १९७७ चा, आणि तो लागू झाला १९७९ मध्ये. देशाने तसा कायदा करायला २००५ उजाडले. पण त्या सगळ्याचे मूळ या बाहत्तरच्या कामांत आहे. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसे अशा कामांवर होती. पाझर तलावाची माती, रस्ते, नालाबांध आणि खडी. आजी खडी फोडायला होत्या. कामावर पोरांसाठी सुकडी मिळायची. "त्या सुकडीवर माझं पोर जगलं," आजी म्हणाल्या.

खडीचे माप ब्रासमध्ये निघायचे आणि आलेली मजुरी गटात हजेरीप्रमाणे वाटली जायची. म्हणजे मस्टरवर जितके दिवस, तितका वाटा. आजींना लिहिता-वाचता येत नव्हते, अंगठा उठवायच्या. पण हुशारी बघा. रोज कामावरून निघताना एक बारीक खडा उचलून पदराच्या गाठीत बांधायच्या. वाटपाच्या दिवशी गाठ सोडली तर सहा खडे निघाले आणि मजुरी आली चार दिवसांची. त्यांनी सहा खडे मस्टर लिहिणाऱ्यापुढे ठेवले. तो हसला. भोवतालचेही हसले. "म्हातारीसारखी दगडं मोजती," असे कुणीतरी म्हणाले, आणि ती म्हातारी तर वीस वर्षांची होती!

त्यांच्या शेजारच्या ढिगाशी गावातल्या एका मोठ्या घरची सून बसायची. दुष्काळाने तिलाही उंबऱ्याबाहेर काढले होते. एरवी शेताच्या बांधावर न गेलेली बाई, तिच्या तळहाताचे पहिल्याच आठवड्यात फोड फुटलेले. ती चौथी शिकलेली होती. ती उठली, मस्टर डोळ्यांखालून घातले आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "चारच लिहिलेत. ही रोज इथं बसलेली मी बघितलीय." ती मोठ्या घरची, म्हणून मस्टरवाला वरमला. पण ते दोन दिवस काही मिळाले नाहीत.

"मग तिनं मला आकडं शिकवलं," आजी म्हणाल्या. "सपाट दगडावर कोळशानं काढून द्यायची. आन् मी तिला हातोडी धरायला शिकवलं, हाताला चिंधी कशी गुंडाळायची ते शिकवलं. तिला दगड बसत नव्हता, मला नऊ."

या ठिकाणी गोष्ट संपली असती तर ती पुस्तकातल्या धड्यासारखी झाली असती. आजींनी ती संपवली नाही. त्या म्हणाल्या, सहा आणि नऊ त्यांना कळेनात. तीनदा विसरल्या. एकदा सगळ्यांसमोर चुकीचा आकडा वाचला, पुन्हा हसे झाले, आणि त्यांनी कोळसा फेकून दिला. पंधरा दिवस दगडाकडे बघितले नाही. त्या पंधरवड्यात मस्टरवर पुन्हा एक दिवस खाल्ला गेला. "तव्हा मला समजलं, लाज धरली का पैसा जातो." मग परत बसल्या.

माझी मुलगी पेरू हातात धरून ऐकत होती. तिने विचारले, "आजी, ती बाई तुझी मैत्रीण झाली का मग?"

आजी जरा थांबल्या. "तिचा तांब्या येगळा व्हता ग. रोज आपल्या सावलीला ठिवायची. पोराला सुद्धा त्यातलं नाही दिलं कधी. मी एकदा बोलले तिला. आकडा उष्टा व्हत नाही आन् पाणी व्हतं व्हय? ती गप बसली. शेवटच्या आठवड्यात तांब्या मधी ठिवला, माझ्याकडं सरकवला."

"मग?"

"मी नाही प्याले."

"का?"

"तहान नव्हती."

आम्ही तिघी गप्प. पलीकडे टेम्पो भरत होता. थोड्या वेळाने आजीच म्हणाल्या, "पण आकडा तिचाच हाय माझ्याकडं. खोटं कशाला बोलू?"

मैत्रिणींनो, मी या आजींच्या शेजारी बावीस वर्षे राहते. साखर उसनी घेतली, त्यांच्या नातसुनेची बाळंतपणे केली. ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती, कारण मी कधी त्यांच्याजवळ एवढा वेळ टेकलेच नव्हते. जयंतीला आपण मोठ्या वक्त्यांना बाहेरगावाहून बोलावतो. बोलवावेतच. पण या आजींना समोरच्या रांगेत बसवून आपण त्यांना हार सुद्धा घातलेला नाही.

आपल्याच समाजातल्या दोन भगिनींनी मात्र हे ओळखले होते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून. बाबासाहेबांच्या चळवळीत ज्या बाया उतरल्या, परिषदांना गेल्या, सभांतून बोलल्या, त्यांचा शोध घेत या दोघी हिंडल्या. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला महिलांची परिषद झाली, तिला सुमारे २५ हजार बाया जमल्या होत्या. त्यातल्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे यांचे नाव कागदावर राहिले, पण बाकीच्या हजारो? त्यांना विचारायला कोण गेले होते? उर्मिलाताई आणि मीनाक्षीताई जमेल तितक्या जणींच्या दारात गेल्या, त्यांच्या तोंडून ऐकले, आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झाले. विहाराच्या कपाटात असेल तर काढून बघा, नसेल तर वर्गणी काढून आणा.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे तर सर्वांना ठाऊक आहे. किराणा दुकान चालवता चालवता त्यांनी लिहिले आणि लिहिलेले कागद घरच्यांच्या नजरेआड ठेवले, एकदोन नव्हे, वीस वर्षे. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले १९८६ मध्ये. साऱ्या समाजाचे दुःख त्यात त्यांनी धीटपणे मांडले. पण एक गोष्ट त्यात नाही. २००८ मध्ये माया पंडित यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा त्या बेबीताईंशी बोलायला बसल्या. त्या बोलण्यात बेबीताईंनी सांगितले की नवरा संशय घ्यायचा, मारायचा. पुस्तकात समाजाची कहाणी लिहायची होती, म्हणून स्वतःचे ते बाजूला ठेवले होते. एवढी निर्भय बाई, पण ते तिच्या तोंडून बाहेर यायला समोर ऐकणारे माणूस बसावे लागले.

हे वाचलेले आठवले आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण बाजूला ठेवलेले माझ्याकडेही होते.

मी मुलीला लहानपणापासून सांगत आले की माझे लग्न ठरले म्हणून माझी शाळा सुटली. ते खरे नाही. मी दहावीला गणितात नापास झाले. वडील उसाच्या मळ्यावर मजूर होते, त्यांनी माझ्या फीसाठी पैसे उसने काढले होते. ती गुणपत्रिका मी त्यांना दाखवलीच नाही. पुन्हा बसायचे नाही असे मीच ठरवले, घरच्यांनी नव्हे. लग्न त्यानंतर दोन वर्षांनी झाले. इतकी वर्षे मी ते लग्नावर ढकलले, आणि बाबासाहेबांच्या अठरा तासांवर पोरीला मात्र भाषणे दिली.

पेरूच्या मळ्यात सांगायचा धीर झाला नाही. दरम्यान मुलीने एक दिवस आपणहून वडिलांकडे पैसे मागितले आणि विलंब शुल्कासह परीक्षेचा फॉर्म भरून आली. का, ते तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. स्थळाचा विषय वडिलांनी तूर्त सोडला आहे. परीक्षा फेब्रुवारीत आहे. काय होईल ते मला माहीत नाही. ती संध्याकाळी आजींच्या ओट्यावर बसून गणिते सोडवते आणि आजी तिच्या वहीतले नऊ मोजतात.

आजींना विचारूनच हे लिहिले आहे. नाव घालू का, तर म्हणाल्या, "नाव कशाला? दोन दिस खाल्ले ते लिही."

राहिले माझे. गेल्या आठवड्यात थंडी फार होती. हे रात्रीच्या भाड्यावर होते. आम्ही दोघी एकाच गोधडीत पडलो होतो, दिवा घालवलेला. अंधारात तोंड दिसत नाही ते बरे. मी सांगून टाकले, वडिलांचे उसने पैसे, लपवलेली गुणपत्रिका, सगळे.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटले झोपली.

मग तिने विचारले, "किती पडले होते?"

"तीस."

"शंभरात?"

"नाही. तेव्हा गणित दीडशे मार्कांचे असायचे."

ती मनात मांडत असावी. "म्हणजे शंभरात वीस."

"हो."

"मला चोवीस होते," ती म्हणाली, आणि तिने गोधडी माझ्या अंगावर ओढली.