जागा नको, वेळ बदला
उकाडा वाढला, तेव्हा देवळाच्या मंडपातील गायन शहरातील वातानुकूलित सभागृहात न्यावे, असा सूर पेडणे-डिचोलीत उमटतो. उष्मा खरा, उपाय खोटा. मुलांच्या शाळांसाठी आपली कुटुंबे म्हापसा-पणजीस गेलीच. आता गाणेही गेले, तर मागे राहिलेल्या मुलांनी ऐकावे काय? केसरबाई केरकर आठव्या वर्षी कुटुंबासह कोल्हापूरला गेल्या, हे खरे. पण गोव्यात परतल्यावर त्यांना रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम लाभली ती डिचोलीजवळच्या लामगावात, बुवा तेथे येत म्हणून. त्याच केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. गाणे गावात आले, म्हणूनच गावातून एवढे दूर पोहोचले. तेव्हा मैफल पहाटेच्या गारव्यात मांडा. सायंकाळच्या बैठकींमुळे दुर्मिळ झालेले ललत, तोडी पुन्हा कानी पडतील.