मागे गेल्यावर तेच पान दिसलं पाहिजे

‘नुसत्या अक्षरांचा ब्राउझर आज कोण वापरतो? आणि त्याला टॅब, हिस्टरी, कॅश हे सगळं लटांबर कशाला?’

माझा एक जुना विद्यार्थी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून तो टेक्स्ट ब्राउझर लिहितोय. चित्रं नाहीत, व्हिडिओ नाहीत, काळ्या पडद्यावर फक्त मजकूर. वरचा प्रश्न त्याला त्याच्या कॉलेजात विचारला गेला. पान उघडतं, लिंक चालते, तेवढं पुरे, बाकीचं काढून टाक, असा सल्लाही मिळाला. मी कॉम्प्युटरचा माणूस नाही. बी.एड. केलं, उर्दू आणि मराठी शिकवतो. पण वाचणं हा माझा धंदा आहे, आणि वाचणारा म्हणून सांगतो, हा सल्ला चुकीचा आहे.

कोण वापरतो, याचं उत्तर सोपं आहे. ज्याच्याकडे जुनं मशीन आहे, ज्याचं नेटवर्क रडतखडत चालतं, ज्याला दिसत नाही आणि जो पडद्यावरचं ऐकून वाचतो, तो. लिंक्स नावाचा टेक्स्ट ब्राउझर १९९२ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात तयार झाला आणि आजही चालतो. देवनागरीचं एक अक्षर साठवायला साधारण तीन बाइट लागतात, उर्दूचं दोन. म्हणजे पाचसहाशे शब्दांचा मराठी लेख पंधरा केबीच्या आत बसतो. तोच लेख आज एखाद्या बातम्यांच्या साइटवर उघडा, जाहिराती आणि स्क्रिप्ट धरून कितीतरी एमबी उतरतात. मजकूर धान्याइतका आणि पोतं ट्रकएवढं.

आता टॅब. लिंक्समध्ये टॅब नाहीत. डब्ल्यू-थ्री-एम आणि ई-लिंक्स या दुसऱ्या दोन टेक्स्ट ब्राउझरांत आहेत, म्हणजे हे अशक्य काम नव्हे. मला ते का हवेत? एका टॅबमध्ये उर्दू मजकूर, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात शब्दकोश, असं ठेवल्याशिवाय मला धडा तयार करता येत नाही. दोन भाषांत वावरणाऱ्या प्रत्येकाचं हेच आहे. फक्त प्रत्येक टॅबचा मागचा रस्ता वेगळा असावा. शब्दकोशात मागे गेलो म्हणून उर्दूचं पान हलता कामा नये, आणि परत आल्यावर ज्या ओळीवर सोडलं त्याच ओळीवर उघडावं.

कॅश म्हटलं की गांधीबागेत रोकडच समजतात, म्हणून इथल्याच भाषेत सांगतो. कापडाच्या ठोक दुकानात गिऱ्हाईक दर वेळी तोच थान मागत असेल, तर शेठ नोकराला दर वेळी गोदामात पिटाळत नाही. थान गादीजवळच ठेवतो. ब्राउझरची कॅश म्हणजे हे गादीजवळचे थान. आणि माल बदलला असेल तर? त्याचीही सोय वेबच्या नियमांत फार पूर्वीपासून आहे. ब्राउझर सर्व्हरला विचारतो, ‘माझ्याकडे या खुणेचं पान आहे, ते बदललं का?’ बदललं नसेल तर सर्व्हर ३०४ हा आकडा पाठवतो, पान पाठवत नाही. शंभर एमबी जागा दिली तर पंधरा केबीचे साडेसहा हजार लेख मावतील. एका शाळेच्या वाचनालयाला एवढं खूप झालं. पण लिंक्सची कॅश मेमरीतच राहते, मुळात दहा पानांची, आणि ब्राउझर बंद केला की संपली. नव्या ब्राउझरने ती डिस्कवर ठेवावी, एवढीच मागणी आहे.

खरं भांडण हिस्टरीचं आहे. बहुतेकांना वाटतं की हिस्टरी आणि कॅश एकच. एकच नाही. एचटीटीपीच्या १९९९ च्या नियमपुस्तकात हे स्वच्छ लिहून ठेवलं होतं: कॅशचं काम ताजं पान देणं, हिस्टरीचं काम वाचकाने त्या वेळी जे पाहिलं नेमकं तेच दाखवणं. शेठच्या बहीत मंगळवारी जो भाव लिहिला तो शुक्रवारी भाव चढला म्हणून कोणी खोडत नाही. आजचे मोबाइल ब्राउझर मात्र सर्रास खोडतात. तुम्ही ‘मागे’ दाबता, मधल्या काळात मेमरी कमी पडली म्हणून त्याने पान टाकून दिलेलं असतं. तो ते नव्याने आणतो आणि मथळा बदललेला असतो. मग वाचणाऱ्यालाच वाटतं, आपणच चुकीचं वाचलं.

उर्दूत हिस्टरीला तारीख म्हणतात आणि दिवसालाही तारीखच म्हणतात. मराठीने त्यातला एकच अर्थ उचलला. ब्राउझरच्या हिस्टरीला दोन्ही अर्थ लागू व्हायला हवेत: काय पाहिलं आणि कधी पाहिलं.

हे मी हौसेने म्हणत नाही. १७ मार्च २०२५ च्या रात्री महालात काय झालं ते आमच्या भागाला सांगायला नको. संचारबंदीच्या त्या दिवसांत घरात बसलेला माणूस काय करतो? बातम्या उघडतो. रात्री वाचलेलं एक असतं, सकाळी त्याच पत्त्यावर दुसरं असतं. बातमी सुधारण्यात गैर काही नाही, सुधारायलाच हवी. पण अफवा कुठून निघाली, आधी काय छापलं होतं आणि मग काय काढलं, हे ज्याला विचारायचं आहे त्याच्या हातात पुरावा काय? स्क्रीनशॉट म्हटलं तर लोक म्हणतात, एडिट केलाय. तारीख-वेळेसकट साठवलेलं मूळ पान कोर्टात टिकेल की नाही ते वकील सांगतील. निदान मोहल्ल्यात शांतपणे बोलताना ते समोर ठेवता येईल.

आणि इंटरनेटच बंद झालं तर? नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत झालं होतं. अशा वेळी ब्राउझर ‘कनेक्शन नाही’ म्हणून हात वर करतो, पान डिस्कवर पडलेलं असलं तरी. संपर्क तुटलेला असताना शिळं पान द्यायला नियमांची हरकत नाही. ते द्यावं आणि वर ठळक लिहावं, ‘ही अमुक दिवसाची प्रत आहे.’

उर्दूवाल्यांसाठी एक अट मी त्या मुलाला मुद्दाम घातली आहे. साठवायचं ते आलेलं मूळ पान, पडद्यावर रंगवलेलं नव्हे. कित्येक टर्मिनलांना उजवीकडून डावीकडे लिहिणं कळत नाही. उर्दू उलटी दिसते, अक्षरं सुटी पडतात. मराठीची वेलांटीही भलतीकडे जाते. रंगवलेलं पान साठवलं तर ती मोडतोड कायमची जपली जाईल. मूळ बाइट ठेवले, तर उद्या चांगलं टर्मिनल मिळाल्यावर तेच पान नीट वाचता येईल. आपण आधीच पुष्कळ गमावलं आहे. उर्दू अखबार वर्षानुवर्षं इनपेजमध्ये जुळवून वेबवर चित्र म्हणून चढवले गेले. टेक्स्ट ब्राउझरला तिथे फक्त फाइलचं नाव दिसतं आणि त्या चित्रांत एक शब्द शोधता येत नाही.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. शाळेतल्या किंवा घरातल्या सामायिक मशीनवर हिस्टरी म्हणजे चहाडी. मुलीने काय वाचलं ते भावाने पाहावं, हे नको. (लिंक्स लिहिणाऱ्यांपैकीच एक, लू मोंटुली, यांनी पुढे १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये कुकी आणली. आज माणसाचा माग काढायला तिचा किती वापर होतो ते आपण भोगतोच आहोत.) पण त्यावर उपाय हिस्टरीच न ठेवणं हा नव्हे. सर्व्हरने ‘साठवू नका’ म्हटलेली बँकेची पानं डिस्कवर जाऊच नयेत. बाकीच्यांसाठी एक कळ असावी: हा टॅब, त्याची हिस्टरी आणि त्याची साठवलेली पानं, तिन्ही एकदम पुसणारी. दुसरी कळ उलटी, हे पान मी सांगेपर्यंत पुसू नको म्हणणारी. दोन्ही वाचणाऱ्याच्या बोटाखाली असाव्यात. प्रोजेक्ट जमा करायला अजून वेळ आहे, आणि टॅबचं काम त्याने सुरू केलं आहे.