खोली भाड्याने देताय?

मनोरला आमच्या आळीत परसात तीन-चार खोल्या काढून भाड्याने देणाऱ्या बायका पुष्कळ. एकेका खोलीत बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतली पाच-सहा मुलं. "लायसन लागतं का गं?" शेजारच्या काकूंनी विचारलं. तसं वेगळं लायसन नाही; पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं, करार लेखी आणि नोंदवलेला हवा, अन् जबाबदारी घरमालकाची. नाहीतर ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झालाच, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या! काकू गप्पच झाल्या. पण एका संडासावर वीस माणसं, त्याबद्दल या कलमात अक्षर नाही. मला तेच जास्त खुपतं.